'घर की बात' : इस्मत चुगताईंच्या खोडकर घराच्या निमित्ताने

सातवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी 'माझे घर' हा निबंध लिहायला देतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले दखनीत भांडतात, उर्दूत पाठांतर करतात आणि मराठीत निबंध लिहितात. त्या निबंधातले घर नेहमी टापटीप असते. अम्मीची 'आई' झालेली असते, दादीची 'आजी' झालेली असते आणि घरातील सर्व माणसे एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहत असतात. एका मुलाने तर गाईडमधून उतरवताना आपल्या अंगणात तुळसही लावून टाकली होती. हाच मुलगा मधल्या सुट्टीत मित्रांना सांगत होता, की बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाने दादीच्या पानदानात तोंड घालून सगळी पाने कशी फस्त केली आणि पानदानाचे झाकण उघडून धरणारा हात कोणाचा होता. ऐकणारी पोरे लोळत होती. आम्ही त्याला बोलावून विचारले, "हे निबंधात का नाही लिहिलेस?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, वो तो घर की बात है ना!"

या उत्तराने आम्हाला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. कारण हेच उत्तर आमचे थोर थोर लेखकही देत आले आहेत. तोंडाने नव्हे, लेखणीने. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही मुस्लिम लेखक मराठीत आपल्या घराबद्दल लिहीत आले आहेत. त्या घरात दारिद्र्य आहे, तलाक आहे, दंगलीची रात्र आहे, शिक्षणासाठी केलेली धडपड आहे. हे सारे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे होते. पण त्या घरात खोडी फार थोडी आहे. दादीचे पानदान आहे, पण त्यात तोंड घालणारा बोकड नाही.

इस्मत चुगताईंचे 'कागजी है पैरहन' आम्ही या सुट्टीत पुन्हा वाचले, ते ही खंत मनात ठेवूनच. गालिबच्या दीवानातील पहिल्याच शेरातून उचललेले हे नाव. उर्दूतील 'आजकल' मासिकात 1979-80 मध्ये ही प्रकरणे क्रमशः आली आणि पुस्तक निघाले 1994 साली, म्हणजे बाई गेल्यानंतर तीन वर्षांनी. आत्मचरित्र म्हणून पाहिले तर पुस्तक अगदी विस्कळीत आहे. सनावळी जुळत नाही, एक प्रसंग दोनदा येतो, आग्र्याहून आपण एकदम अलीगढला जातो आणि मधले जोधपूर मागाहून आठवते. शिस्तीच्या वाचकाला हा दोष वाटेल, आणि काही ठिकाणी तो दोषच आहे. परंतु घर आठवते ते असेच आठवते. कोणाचे लग्न कोणत्या साली झाले हे आठवत नाही, पण त्या लग्नात कोण विहिरीपाशी रुसून बसले होते ते पक्के आठवते.

इस्मत 1915 साली बदायूँला जन्मल्या. दहा भावंडांतले हे नववे अपत्य. वडील सरकारी अंमलदार, बदलीची नोकरी. मोठ्या बहिणी लवकर लग्न होऊन गेल्या आणि ही मुलगी भावांच्या टोळीत वाढली. झाडावर चढणे, घोड्यासाठी हट्ट, मारामारी, सगळे भावांबरोबर. आईला ही मुलगी म्हणजे डोकेदुखी. स्वयंपाक शिकायला बसवले तर हिने नकार दिला. नवऱ्याला काय खायला घालणार, असा सवाल आला. तेव्हा उत्तर तयार होते. नवरा गरीब निघाला तर खिचडी शिजवू, श्रीमंत निघाला तर खानसामा ठेवू. पुढे शिक्षण थांबवायची गोष्ट निघाली, तेव्हा या मुलीने बापाला सरळ धमकी दिली की आपण टांगा करून स्टेशनवर जाऊ, एखाद्या मिशनच्या शाळेत दाखल होऊ आणि ख्रिस्ती होऊ. घरात काय हलकल्लोळ झाला असेल याची कल्पना करावी. पण मुलगी अलीगढला शिकायला गेली.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की बाई हा प्रसंग स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा म्हणून सांगत नाहीत. त्या तो घरातली एक वात्रट गोष्ट म्हणून सांगतात. बाप हा जुलमी बाप नाही. तो चिडतो, हसू दाबतो आणि शेवटी हरतो. वाचणाऱ्याला बापाचाही लोभ वाटतो. परदा, कर्मठपणा, मुलींची लवकर लग्ने हे सारे त्या घरात आहे. पण ते घराच्या आतून दिसते, हसऱ्या आणि बेरक्या पोरीच्या डोळ्यांनी दिसते. त्यामुळे टीका बोचते आणि घराची बेअब्रू होत नाही.

आग्र्यातल्या दोन आठवणी तर पाठ्यपुस्तकात असाव्यात अशा आहेत. (कधी येतील असे वाटत नाही.) शेजारच्या शिया घरात मोहर्रमची मजलिस. करबल्यात तान्ह्या अली असगरच्या गळ्यात बाण लागल्याचे वर्णन ऐकून ही पोर असा आकांत मांडते, की मारणाऱ्याने गळ्यातच का मारला, हातात का नाही मारला? मजलिशीत रडायलाच लोक जमलेले, पण हे रडणे त्या रीतीत बसणारे नव्हते. पोरीला बाहेर काढले गेले. दुसऱ्या बाजूला लालाजींचे हिंदू घर, तिथली मैत्रीण सुशी आणि जन्माष्टमीचा पाळणा. पाळण्यातला चिमुकला कृष्ण पाहून हिला राहवत नाही, ती त्याला उचलून छातीशी धरते. तिथूनही हकालपट्टी, वर चोरीचा आळ. एका घरात रडली म्हणून आणि दुसऱ्या घरात माया केली म्हणून. धर्मांमधल्या भिंतींबद्दल आमच्या संमेलनांतून केवढी तरी भाषणे होतात. ही दोन पाने त्यांहून जास्त सांगून जातात, कारण मुलाला भिंत दिसत नाही, फक्त डोके आपटते.

आता 'दोजखी'विषयी. थोरला भाऊ अजीम बेग चुगताई हा उर्दूतला नावाजलेला विनोदी लेखक. जन्माचा आजारी, क्षयाने पोखरलेला, 1941 साली गेला. इस्मतला शिकवले, वाचायला लावले ते यानेच. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीने लेख लिहिला आणि नाव ठेवले 'दोजखी', म्हणजे नरकवासी! लेखात भाऊ खोटे बोलतो, भांडणे लावून देतो, थोरामोठ्यांना मुद्दाम चिडवतो, खोकत खोकत हसतो आणि घरच्यांना रडकुंडीला आणतो. मयताबद्दल चांगलेच बोलावे असा आपल्याकडे दंडक. मंटोने लिहून ठेवले आहे, की त्याची बहीण हा लेख वाचून संतापली, ही कसली बाई म्हणून. त्यावर मंटोने बहिणीला सांगितले, की माझ्यावर असा लेख लिहायचे वचन देत असशील तर मी आजच मरायला तयार आहे. मंटोसारख्या माणसाने यापेक्षा मोठी दाद क्वचितच कोणाला दिली असेल. लेख वाचून संपतो तेव्हा लक्षात येते, की बाई भावाच्या खोड्या मोजत नव्हत्या, त्यांचा शोक त्या खोड्यांतूनच बोलत होता.

मराठीत असे कोणी नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यातले वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण वाचावे. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा तो कहर, त्यात भरडली जाणारी आई आणि पोरे. दुसऱ्या एखाद्या लेखणीतून हे धर्मवेडाचे करुण प्रकरण झाले असते. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात आणि करुणा हरवू देत नाहीत. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचेही तसेच. इस्मत आणि लक्ष्मीबाई एका ओसरीवर बसल्या असत्या तर त्यांचे छान जमले असते असे आम्हाला नेहमी वाटते.

परंतु मराठी शाळेने बाळपणीचे घर म्हणून मुलांपुढे ठेवले ते लक्ष्मीबाईंचे नव्हे. ठेवले ते साने गुरुजींच्या श्यामचे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाविषयी आम्हाला आदर आहे. वर्गात वाचताना आमचाही गळा दाटून येतो. पण तिथे श्यामने खोडी केली की आईचा बोध ठेवलेलाच. खोडी ही बोधासाठी असते. आमच्या मुस्लिम लेखकांनी घर लिहायचा वस्तुपाठ तिथूनच घेतला असावा अशी शंका येते. फरक एवढाच, की तिथे बोध वाचकाच्या मुलांसाठी होता आणि आमच्याकडे तो बहुसंख्य वाचकासाठी असतो. पाहा, आमची आईसुद्धा आईच असते. पाहा, आम्हीसुद्धा कष्ट करतो. घर लिहिताना आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असतो. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस बोकडाची गोष्ट कशाला सांगेल?

हमीद दलवाईंची 'इंधन' ही 1965 सालची कादंबरी या साक्षीच्या लेखनापेक्षा वेगळी आहे हे मान्य करायला हवे. आजारातून उठून कोकणातल्या आपल्या घरी परतलेला माणूस तिथे काही सिद्ध करायला आलेला नाही. तो पाहतो आणि गाव पेटत जाते. तिथे खोडीला जागा नाही, कारण कादंबरीची प्रकृतीच ती नाही. प्रत्येक घर हसतेच असे आमचे म्हणणे नाही. पण सगळीच घरे न हसणारी कशी?

एका ज्येष्ठ मित्रांपुढे आम्ही हे बोललो, तेव्हा त्यांनी आम्हाला फटकारले. म्हणाले, "इस्मतच्या घरी नोकरचाकर होते. अंमलदाराच्या मुलीला मस्ती परवडते. आमच्याकडे कंदिलाची काच फुटली की दोन दिवस अंधारात बसावे लागे." बोलणे खोटे नव्हे. आणि गंमत अशी, की खुद्द इस्मतला ते माहीत होते. तिची सुरुवातीची 'गेंदा' ही कथा पाहावी. मोठ्या घरातली मुलगी आणि नोकरीला असलेली अल्पवयीन विधवा गेंदा या दोघी नवरी-नवरीचा खेळ खेळतात. पुढे घरच्या मुलाचे गेंदावर मन जाते. त्यातून जे घडते त्याची शिक्षा गेंदाला मिळते आणि मुलाला दिल्लीला पाठवून दिले जाते. खेळ एकच, पण मोल वेगवेगळे. ज्या 'लिहाफ'वरून 1942 नंतर लाहोरच्या कोर्टाची पायरी चढावी लागली, तीतही लहान मुलगी बेगमजानच्या घरी येते कशी? तर ती भावांशी आणि त्यांच्या मित्रांशी मारामाऱ्या करते म्हणून आई तिला तिथे ठेवून जाते. मस्तीची शिक्षा म्हणून ती ज्या घरात पोचते, तिथे तिला काय पाहावे लागते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे घराच्या खोडकर आठवणी लिहिणारी ही बाई त्या खोड्यांची किंमतही लिहिते. पण तक्रारही आहे. आत्मचरित्रात ही नोकरांची पोरे फारशी पुढे येत नाहीत, मागच्या अंगणातच राहतात. गेंदा लिहिणाऱ्या लेखिकेकडून आम्हाला इथे जास्त हवे होते.

तरीही मित्रांचे म्हणणे आम्हाला पुरते पटले नाही. कंदिलाची काच फुटून दोन दिवस अंधारात बसलेल्या घरात त्या अंधारात काय काय झाले असेल! आमच्याच घरी ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याची चारोळी आणि खारीक नानी मोजून ठेवी. सकाळी मोजणी कमी भरे, आणि नानी भांडण न करता प्रत्येकाला जवळ बोलावून तोंडाचा वास घेई. घरात पैसा नव्हता म्हणूनच खारीक मोजली जात होती. मोजली जात होती म्हणूनच चोरण्यात मजा होती.

खरी अडचण आम्हाला भाषेची वाटते. नानी वास घेताना जे बोलली ते दखनीत बोलली. 'हौ' आणि 'नक्को' यांच्यावाचून ते बोलणे उभे राहत नाही. कोकणातल्या आमच्या भावांच्या घरी ते कोकणी बोलीत होत असणार. लिहायला बसलो की आम्ही त्याचे शुद्ध मराठी करतो आणि नानी एकदम नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखी बोलू लागते. इस्मतची सारी गंमत घरातल्या बायकांच्या बोलीत आहे, 'बेगमाती जबान' म्हणतात तिच्यात. टोमणे, शिव्याशाप, लाडाची नावे. ती वगळली तर तिचे घर रिकामे होईल. मराठीने माणदेशची, वऱ्हाडची, मालवणची बोली आपल्या पोटात घेतली. दखनी घेणार नाही असे मराठी कधी म्हणाली नाही. आम्हीच तिला दारात थांबवून आलो आहोत.

लग्नानंतर इस्मत मुंबईकर झाल्या आणि 1991 साली तिथेच वारल्या. त्याआधी काही काळ त्या मुंबईत नगरपालिकेच्या उर्दू मुलींच्या शाळांच्या तपासनीस होत्या. त्या तपासणीला येत तेव्हा मुलींच्या निबंधाच्या वह्या उघडून पाहत असतील काय, असे कधी कधी मनात येते. यंदा आम्ही विषय बदलून दिला आहे : 'माझ्या घरातली न सांगण्यासारखी गोष्ट'. अट एकच, दादी जशी बोलते तशीच लिहायची. पंचेचाळीसपैकी एकतीस वह्या आल्या. बोकडवाल्याने चार पाने लिहिली आहेत. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, आणि त्या लाल शाईने दाखवाव्यात की नाही हे अजून आमचे ठरलेले नाही.