आठ तासांत कान तयार होतो का?

श्रवणावर संशोधन करायचा विचार असेल, तर क्रिस्तोफ मिशेल आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा शोधनिबंध वाचाच. 'हिअरिंग रिसर्च'मध्ये आला होता. फक्त जरा संशयाने वाचा.

प्रयोग साधा आहे. दोन सूर एकामागून एक ऐकवायचे, वरचा कोणता ते विचारायचं. उत्तरं बरोबर येत गेली की फरक कमी करायचा, चुकलं की वाढवायचा. ३० जण अभिजात संगीतातले, ३० संगीत न शिकलेले. न शिकलेल्यांना सुरुवातीला सहापटीहून मोठा फरक लागत होता. दोन तासांच्या सरावानंतरही साधारण चौपट. मग दुसऱ्या प्रयोगात संगीत न शिकलेले नवे आठ जण चार ते आठ तासांच्या सरावात संगीतकारांच्या पातळीला पोचले.

झालं! 'दहा वर्षांचा रियाज आठ तासांत' असा मथळा आपोआप तयार होतो. पण हे संगीतकार या चाचणीला नवखे होते, म्हणजे तुलना सरावलेल्या आणि न सरावलेल्यांची आहे. निबंधाचे आकडे भक्कम आहेत. लंगडं आहे ते 'कान तयार झाला' हे वाक्य. मोजलं काय? एकामागून एक आलेल्या दोन सुट्या सुरांतला फरक. एवढंच.

आता तानपुऱ्याशेजारी बसा. सा पांढरी सहा, म्हणजे २२० हर्ट्झ धरू. ५:४ या प्रमाणातला शुद्ध गंधार २७५ वर येतो, हार्मोनियमचा समभागी गंधार सुमारे २७७ वर. फरक १४ सेंटचा, म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा हिस्सा. 'वरचा कोणता' असं विचारलं तर बरेच जण गडबडतील. पण हाच गंधार तानपुऱ्यावर धरून ठेवला, तर साच्या पाचव्या आणि गंधाराच्या चौथ्या आंशिक स्वरांची टक्कर होते, ११०० आणि ११०९ च्या आसपास, आणि सेकंदाला आठ-नऊ थरथरी ऐकू येतात. गुरू 'गंधार लागला नाही' म्हणतात तेव्हा बहुधा याच थरथरीवर लक्ष असतं, आधीच्या सुराची आठवण तिथे लागतच नाही. (हार्मोनियमवरचा जुना वाद इथे उकरत नाही.)

रागात शिरलात की पंचाईत वाढते. दरबारीचा गंधार आंदोलित. त्याला एक कंप्रता लावायची कशी? नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये हिंदुस्तानी कलाकारांचे स्वर मोजले, तेव्हा ते एका ठरलेल्या मापाला चिकटलेले नव्हतेच. मग तुमच्या चाचणीतलं 'बरोबर' उत्तर ठरवणार कोण? दोन सुरांच्या खेळात ते संगणकाला माहीत असतं, म्हणून तो खेळ संशोधकांना आवडतो. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू.

तेव्हा 'ॲपने श्रुतिज्ञान वाढतं का' असा विषय घेऊन कुणी येणार असाल, तर आराखड्यात एक भर घाला. ॲपवरचे गुण आधी आणि नंतर घ्याच, पण त्याच लोकांना तानपुरा चालू ठेवून एक सरकता सूर हातात द्या, गंधार जुळवायला सांगा, आणि प्रत्येक वेळी तो किती सेंटने हुकला ते मोजा. ज्यांनी ॲप वापरलंच नाही असा गटही ठेवा, नाहीतर मार्गदर्शक पहिल्याच भेटीत वही परत करतील. ॲपवरचे गुण वाढले आणि गंधार होता तिथेच राहिला, तर तो निकालही लिहा.