तिखटाची तेरीज

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीत दोनच कामं मिळतात. कुणाचा तरी फॉर्म भरून देणं आणि कुठल्या तरी स्पर्धेच्या गुणांची बेरीज करणं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत रांगोळी आणि संगीत खुर्ची यांना विटलेल्या महिला मंडळाने २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर 'घरगुती मिसळ स्पर्धा' ठेवली, तेव्हा परीक्षक म्हणून माझं नाव एकमताने पुढे आलं. आपल्या रसिकतेची अखेर कदर झाली, असं मला वाटलं. सेक्रेटरींनी लगेच खुलासा केला, "तुमची बेरीज चुकत नाही आणि तुमच्या घरून प्रवेशिका नाही."

प्रवेशिका नव्हती, कारण स्वयंपाकाला मार्क देणं ही कल्पनाच आमच्या सौभाग्यवतींना मंजूर नव्हती. "आई असत्या, तर त्यांनाही मार्क दिले असतेत तुम्ही," ती म्हणाली. मी हसलो. परीक्षकाने हसावं तसं.

मी रीतसर गुणपत्रिका आखली. उसळ २५, रस्सा २०, तर्री २५, फरसाण व सजावट २०, पाव १०. एकूण १००. बेरीज बरोबर आली म्हणजे तत्त्वही बरोबर असणार, असं वाणिज्य शाखेच्या पदवीधराला वाटणं साहजिक आहे.

आता 'घरगुती' या शब्दाचं काय झालं ते पाहा. पाव बेकरीचा. फरसाण स्टेशनपलीकडच्या पश्चिमेच्या गुजराती दुकानातलं. कांदा-लसूण मसाला कोल्हापूरहून पिशवीतून आलेला. राहता राहिली मटकी. तिला रात्रभर भिजवायचं, सकाळी उपसून फडक्यात बांधायचं आणि वाट पाहायची. म्हणजे मोड येण्याचं कामसुद्धा मटकीच करणार. एवढ्या भांडवलावर प्रत्येक घर 'आमचीच खरी मिसळ' असा दावा करीत होतं.

पहिली मिसळ चौथ्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या वहिनींची. वर 'कट' असा की वाटीत सूर्यास्त झाल्यासारखा दिसावा. सोबत पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस. कोल्हापुरात पाव मागणारा माणूस परगावचा समजला जातो, असं त्यांनी मला ऐकवलं. कट कसा साधतो हेही सांगितलं. तेल चांगलं तापवायचं, गॅस बंद करायचा, तेल जरा निवलं की मग तिखट घालायचं. घाई केली तर तिखट जळतं आणि कट काळा होतो. लाल रंग बेडगी मिरचीचा, जाळ संकेश्वरी आणि लवंगीचा. म्हणजे चेहरा एकीचा आणि स्वभाव दुसरीचा. बऱ्याच संसारांत हेच असतं, पण मी ते बोललो नाही.

दुसरी पुण्याच्या काकूंची. बशीत खाली पोहे, त्यावर बटाट्याची भाजी, त्यावर उसळ, चिवडा, शेव आणि बाजूच्या वाटीत 'सँपल'. गोडा मसाला, गुळाचा खडा, चिंचेचा कोळ. "तिखट म्हणजे चव नव्हे हो," काकू म्हणाल्या आणि चौथ्या मजल्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "गूळ घालायचा तर शिराच करावा."

तिसरी नाशिकच्या काकांची. हो, काकांची. खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजून केलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत तळलेला पापड आणि दही. चौथ्या प्रवेशिकेने, 'ठाण्याच्या मामलेदार कचेरीजवळ मिळते तशी' एवढंच म्हणून, माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मुलुंडकराला ठाणं एकच स्टेशन लांब आहे, पण त्या घासाला ते मला फारच जवळ वाटलं.

मी घटाघटा पाणी प्यायलो आणि जाळ वाढला. अकरावीतल्या एका मुलाने माझ्यावर दया येऊन शास्त्र सांगितलं. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून ते तर्रीच्या तेलात जाऊन बसतं आणि म्हणून त्यावर उतारा दह्यादुधाचा. नाशिककर काका दही उगाच देत नव्हते. तिखट मोजायचं मापही आहे म्हणे. अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधतज्ज्ञाने १९१२ साली ते काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जायचं आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत ते किती पातळ करावं लागलं, ते मोजायचं. म्हणजे त्या भारदस्त आकड्याच्या मुळाशीही शेवटी चार माणसांच्या जिभाच होत्या. मला जरा धीर आला.

तसं हे भांडण फक्त आपलंच नाही. टेक्सास राज्याने १९७७ साली 'चिली' हा मिरची आणि मांसाचा रस्सा आपला अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केला. तिथले कट्टर लोक त्यात राजमा पडला की ती चिलीच मानत नाहीत. आपल्याकडे मटकीऐवजी वाटाणे पडले की होतं तेच. आणि गंमत अशी, की ज्या मिरचीवरून आपण प्रांताभिमान दाखवतो ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली. बटाटाही तिकडचाच. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांचा. इतके पाहुणे गोळा करून केलेली मिसळ पुढे परदेशातही नाव काढून आली. दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं. तिथे गुणपत्रिका कुणी आखली होती कोण जाणे.

शेवटची प्रवेशिका तळमजल्यावरच्या आजींची. त्यांनी एक पातेलं, तीन वाट्या आणि एक डबा आणला होता. पातेल्यात साधी मटकीची उसळ, सरबरीत. एका वाटीत मिरचीचा ठेचा, दुसरीत दही, तिसरीत चिरलेला कांदा-कोथिंबीर. डब्यात घरचा पातळ पोह्यांचा चिवडा. पाव नव्हता, पोळी होती. तर्रीचा पत्ता नाही. मी बशी पुढे केली, तर आजींनी डाव हातात तसाच धरून विचारलं, "तुला तिखट किती सोसतं रे?"

त्या सकाळी नऊ मिसळी खाल्ल्या. हा प्रश्न मला आणखी कुणीही विचारला नव्हता.

मी गुण दिले. उसळ २५ पैकी २५. रस्सा १८. तर्री शून्य. सजावट ४. पाव नसल्याने शून्य. एकूण ४७, क्रमांक शेवटचा. कोल्हापूरच्या वहिनी ८८ गुणांनी पहिल्या आल्या. टाळ्या झाल्या. आजींनीही वाजवल्या आणि रिकामं पातेलं उचलून त्या घरी गेल्या. रिकामं, हे ध्यानात घ्या. बाकी आठ पातेल्यांत अर्ध्याहून जास्त मिसळ शिल्लक होती.

दुपारी ॲसिडिटीची गोळी घेऊन पडलो असताना मला चूक दिसली. हिशेबशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नये. एखादी रक्कम मुळातच चुकीच्या खाती टाकली, तरी तेरीज झकास जुळते. तिला सिद्धांताची चूक म्हणतात. माझी तीच झाली होती. तर्रीला २५ गुण ठेवले, तेव्हाच मी हॉटेलचं खातं घराच्या वहीत उघडलं होतं.

हॉटेलला गिऱ्हाईक माहीत नसतं. म्हणून तिथे तिखट पातेल्यात ठरतं. फार तर कमी, मध्यम, जास्त असे तीन वर्ग पडतात. घरात ते ताटात ठरतं, कारण वाढणारीला प्रत्येकाचं पोट ठाऊक असतं. कोल्हापूर, पुणे, नाशिक यांच्यात उजवं-डावं करण्यात अर्थ नाही. त्या तिन्ही हॉटेलाच्या उत्तम नकला होत्या आणि नक्कल म्हणून मी त्यांना गुण दिले, ते बरोबरच दिले. चुकलं ते एवढंच, की फलकावर शब्द 'घरगुती' होता.

आमच्या लहानपणी मिसळ ठरवून होत नसे. ती उरत असे. रात्रीची उसळ सकाळी थोडं पाणी घालून वाढवायची, वर डब्याच्या तळाचा चिवडा. वडिलांना अल्सर, म्हणून त्यांच्या बशीत दही. आजीला दात नव्हते, म्हणून तिचा चिवडा आधी भिजवलेला. आम्हा भावंडांना वर कच्चं तेल आणि लसणीची चटणी. एका पातेल्यातून पाच चवी निघत. आई शेवटी बसे. वडिलांचं उरलेलं दही, आजीचा भिजलेला चिवडा, आमची वाटीला चिकटलेली चटणी, असं सगळं तिच्या ताटात एकत्र येई. मिसळ या शब्दाचा खरा अर्थ त्या ताटात होता. तिला स्वतःला तिखट किती आवडायचं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

संध्याकाळी मी सौभाग्यवतींना विचारलं, "तुला तिखट किती लागतं गं?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग म्हणाली, "तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त. अठरा वर्षं तुमच्या मापाचं खातेय."

बँकेच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक सापडली, तर जुनी नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची असते. वहिनींचा पहिला नंबर मी काढून घेणार नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर जाऊन आजींना ठेचा कसा करतात ते विचारून आलो. हिरव्या मिरच्या लसणीबरोबर तेलावर भाजायच्या, शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायच्या, मिक्सरला लावायच्या नाहीत. आता आमच्या घरी रविवारी उसळ माझ्या मापाचीच होते आणि ठेच्याची वाटी तिच्या बाजूला असते. कुटण्याचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या रविवारी मी मार्क विचारले. ती म्हणाली, "मीठ कमी आहे."