पत्ते संपले, पण अडले कोणाचे?

इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीवरचा कोणताही सोपा लेख उघडा, एक वाक्य हटकून भेटते : आता पृथ्वीवरील वाळूच्या कणाकणाला पत्ता देता येईल! वर्गात हे सांगितले की मुले डोळे विस्फारतात. परंतु या वाक्याने विषय उलगडत नाही, झाकला जातो, अशी माझी तक्रार आहे.

आधी गणित पाहू. संगणकांनी परस्परांशी बोलण्याच्या नियमांची, म्हणजेच इंटरनेट प्रोटोकॉलची, चौथी आवृत्ती १९८१ साली ठरली. तीत पत्ता ३२ बिटांचा; म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२वा घात, सुमारे ४२९ कोटी. सहाव्या आवृत्तीत बिटे १२८ आणि पत्त्यांची संख्या ३९ अंकी. मात्र यातील शेवटची ६४ बिटे साधारणपणे एकाच स्थानिक जाळ्यासाठी राखलेली असतात, मग त्यात यंत्रे दोन असोत की दोनशे. तेव्हा वाळूचे कण मोजणे ही करमणूकच.

सहाव्या आवृत्तीचे नियम डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले फेब्रुवारी २०११ मध्ये. हाताशी पंधरा वर्षे असूनही बदल का झाला नाही? या दोन आवृत्तींना एकमेकींची भाषा कळत नाही. जो आधी बदलेल त्याला दोन्ही चालवाव्या लागतात. खर्च त्याचा, आणि लाभ मात्र इतर बदलतील तेव्हा. मग प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहत बसला. हे कोडे अर्थशास्त्राचे आहे, आणि विज्ञानलेखक नेमके तेच गाळतात.

दरम्यान एक पळवाट निघाली. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वीस, पण टपालाचा पत्ता एकच. तसे अनेक यंत्रांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे राहायचे. आतून पाठवलेल्या पत्राला उत्तर येते. पण बाहेरच्याने आपण होऊन अमुक खोलीत पत्र धाडायचे, तर सहजी पोहोचत नाही. स्वतःचा सर्व्हर चालवू पाहणारा छोटा उद्योजक इथे अडतो. त्याला सार्वजनिक पत्ता विकत वा भाड्याने घ्यावा लागतो.

टंचाईचा बाजार झाला तो असा. दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने २०११ साली ७५ लक्ष डॉलरना घेतले. भागाकार करा : पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर आकारते. वर्षाचे झाले ४३.८० डॉलर. ज्यांच्याकडे जुने गठ्ठे पडून आहेत, त्यांना घाई कशाला असेल?

भारताचे उदाहरण यासाठीच उद्बोधक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या जिओने आपले जाळे आरंभापासूनच सहाव्या आवृत्तीवर उभारले. कोट्यवधी नव्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते मिळण्याजोगे नव्हते, आणि मोडायला जुनी यंत्रणाही नव्हती. आज गूगलच्या मोजणीत भारतातील निम्म्याहून अधिक वापर नव्या पत्त्यांवरून होतो.

शिक्षकांनी वाळूचे कण सोडावेत आणि मुलांना फोनच्या सेटिंगमध्ये पत्ता शोधायला सांगावे. अपूर्णविरामांनी तोडलेली लांबलचक अक्षरमाळ दिसली तर ती सहावी आवृत्ती. ठिपक्यांनी तोडलेल्या चार संख्या असून सुरुवात १९२.१६८ ने असेल, तर तो वाड्यातला खोली क्रमांक.