वऱ्हाडीवरील शोधनिबंध : एक अपेक्षा

ग्रीअर्सन यांनी संपादिलेल्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीचा ठराविक नमुना म्हणजे उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर. भाषांतर म्हणजे सहज बोलणे नव्हे. केवळ त्यावर उभारलेला निबंध वऱ्हाडीचा नव्हे, नमुन्याचा अभ्यास ठरतो.

‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हे सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती म्हणजे संशोधन नव्हे. अकोल्याच्या बाजारातील हा उच्चार अमरावतीच्या महाविद्यालयात टिकतो काय? कोण, कोणापुढे तो टाळतो? असा एकच मर्यादित प्रश्न निबंधास पुरेसा आहे. मात्र वक्त्याचे गाव, वय, शिक्षण व प्रसंग नोंदविल्यावाचून निष्कर्ष पडताळता येत नाही. उच्चारास ‘अशुद्ध’ ठरविणारा अभ्यासक तर बोलीऐवजी स्वतःचा प्रमाणभाषेचा आग्रहच नोंदवितो.