सन्मान देणारे आणि घेणारे : राल्फ एलिसन व माया अँजेलो यांच्या लेखनातील शालेय गौरवप्रसंग

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकेत शालान्त समारंभ हा केवळ शैक्षणिक उपचार नव्हता. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तर तो साऱ्या समाजाचा उत्सव असे. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निकालाने ‘विभक्त पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली होती. १९५४ च्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ निकालापर्यंत सार्वजनिक शाळांतील विभक्तता कायदेशीर मानली जात होती. अशा व्यवस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचा गौरव कोण करतो आणि त्या गौरवाचे मोल कोण ठरवतो, हा प्रश्न केवळ शाळेपुरता राहत नाही. राल्फ एलिसन यांची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) ही कादंबरी आणि माया अँजेलो यांचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ (१९६९) हे आत्मकथन यांतील दोन प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एलिसन : बक्षिसाची किंमत

एलिसन यांच्या कादंबरीचे पहिले प्रकरण १९४७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते. नम्रता हेच प्रगतीचे रहस्य, अशा आशयाचे भाषण निनावी नायकाने शालान्त समारंभात केलेले असते. तेच भाषण गावातील प्रतिष्ठित गोऱ्या नागरिकांसमोर करण्याचे निमंत्रण त्याला मिळते. प्रत्यक्षात मात्र त्याला इतर कृष्णवर्णीय मुलांबरोबर डोळे बांधून मुष्टियुद्ध खेळावे लागते आणि वीजप्रवाह सोडलेल्या गालिच्यावरील नाणी वेचावी लागतात. पुढे ही ‘सोन्याची’ नाणी जाहिरातीसाठी वाटले जाणारे पितळी तुकडे असल्याचे उघड होते. तोंडात रक्त असतानाच तो भाषण करतो. भाषणाच्या ओघात ‘जबाबदारी’ऐवजी ‘समता’ हा शब्द निसटताच सभागृह स्तब्ध होते आणि त्याला तो शब्द मागे घ्यावा लागतो. त्यानंतरच शिक्षण अधीक्षक त्याला चामडी बॅग आणि महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देतात.

या प्रकरणाचे खरे मर्म हिंसेइतकेच नायकाच्या आनंदात आहे. बक्षीस मिळताच तो भारावून जातो. नाणी खोटी आहेत हे कळल्यावरही तो आनंद ओसरत नाही. प्रेक्षकांत डॉक्टर, वकील, न्यायाधीश यांच्याबरोबर शिक्षकही आहेत, ही नोंद एलिसन सहज करून जातात. शिक्षणसंस्था या खेळाची साक्षीदार नाही, ती यजमान आहे. रात्री स्वप्नात त्या बॅगेतील कागद त्याला सांगतो की या मुलाला सतत पळवत ठेवायचे आहे. येथे गौरव हाच नियंत्रणाचा मार्ग ठरतो.

अँजेलो : वगळलेले गीत

अँजेलो यांनी १९४० मधील, अर्कान्सास राज्यातील स्टॅम्प्स गावच्या समारंभाचे चित्रण केले आहे. नवे कपडे, भेटवस्तू, चांगल्या गुणांमुळे लाभलेले अग्रस्थान अशा उल्हासात तो सुरू होतो. राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा झाल्यावर रिवाजाप्रमाणे कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत मानले जाणारे गीत व्हायचे असते. परंतु मुख्याध्यापक आणि गायनप्रमुख मुलांना खाली बसण्याची खूण करतात. पुढे दोन गोरे पाहुणे येतात आणि त्यांतील एक थेट मुख्याध्यापकांच्याच खुर्चीत बसतो. दुसरा पाहुणा भाषणात सांगतो की गोऱ्यांच्या शाळेला कलाशिक्षक, नवे सूक्ष्मदर्शक आणि रसायनशास्त्राची साधने मिळणार आहेत. या शाळेची स्तुती मात्र तिने घडवलेल्या खेळाडूंसाठी होते.

या स्तुतीचा अर्थ समजण्यासाठी जेम्स कोलमन यांचा ‘द अ‍ॅडोलेसंट सोसायटी’ (१९६१) हा ग्रंथ उपयुक्त ठरतो. इलिनॉयमधील दहा माध्यमिक शाळांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की विद्यार्थिवर्गात हुशार मुलापेक्षा खेळाडूची प्रतिष्ठा अधिक होती. तेथे ही पसंती विद्यार्थ्यांची स्वतःची होती. स्टॅम्प्समध्ये ती बाहेरून लादलेली मर्यादा आहे: स्पर्धा करा, पण शरीराच्या बळावर.

निरोपाचे भाषण करणारा हेन्री रीड आपले पाठ केलेले भाषण पूर्ण करतो. मग सभेकडे पाठ फिरवून वर्गमित्रांकडे वळतो आणि वगळलेले गीत गाऊ लागतो. पाहता पाहता सारे सभागृह त्यात सामील होते. शिक्षकांनी भीतीपोटी गाळलेली गोष्ट विद्यार्थ्याने परत आणली, हा या प्रसंगाचा गाभा होय. या गीताचा इतिहासही अर्थपूर्ण आहे. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या स्टँटन शाळेचे मुख्याध्यापक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी ते लिहिले आणि १९०० मध्ये शाळकरी मुलांनी ते प्रथम गायले. म्हणजे एका शिक्षकाने दिलेले धन दुसऱ्या शिक्षकाच्या हातून सुटते आणि विद्यार्थी ते सावरतो.

तुलना

दोन्ही प्रसंगांत मान देणारी सत्ता गोऱ्यांची आहे, भाषण पाठ केलेले आहे आणि ते करणारा मुलगा वर्गात उजवा आहे. फरक पडतो तो श्रोत्यांमुळे. एलिसनचा नायक एकटा आहे. सोबतच्या मुलांनाच त्याचे प्रतिस्पर्धी बनवले गेले आहे. हेन्री रीड आपल्या माणसांत उभा आहे, म्हणून तो सत्तेकडे पाठ फिरवू शकतो. तथापि, अँजेलो यांच्या प्रसंगाचे मूल्यमापन करताना सावधगिरी हवी. गीताने अभिमान परत आला, सूक्ष्मदर्शक आले नाहीत. ज्यांना ते गीत ऐकवायला हवे होते, ते पाहुणे आधीच निघून गेले होते. प्रौढ लेखिकेने जवळजवळ तीन दशकांनंतर केलेले हे स्मरण सांत्वनाकडे झुकते. एलिसन ते सांत्वन वाचकाला नाकारतात. त्यामुळे ही दोन पुस्तके एकमेकांना पूरक ठरतात.

समारोप

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. त्यामुळे मराठी वाचकाला हे साहित्य परके वाटण्याचे कारण नाही. या दोन प्रसंगांतून निष्पन्न होणारा विचार शिक्षकांना विशेष लागू आहे. बक्षीस देताना विद्यार्थ्याकडून कोणता शब्द मागे घेतला जातो आणि कोणते गीत गाळले जाते, यावरच त्या सन्मानाचे खरे स्वरूप ठरते.