जिवंत प्रेतांचे शरीरशास्त्र : मॅक्स ब्रुक्स यांची दोन पुस्तके

अमेरिकन लेखक मॅक्स ब्रुक्स यांनी झॉम्बींपासून बचाव कसा करावा हे शिकविणारे एक मार्गदर्शक पुस्तक 2003 साली प्रसिद्ध केले, आणि त्याच कल्पित संकटाचा जणू मौखिक इतिहास मांडणारी ‘वर्ल्ड वॉर झेड’ ही कादंबरी 2006 साली. प्रेते उठतात, चालतात आणि जिवंत माणसांचे मांस खातात, हा दोन्ही पुस्तकांचा विषय. असल्या पुस्तकांचे परीक्षण धर्मशास्त्रीय पत्रिकेत कशाला, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या तरुणांना ही कथा चांगलीच परिचित आहे. ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटाने 2013 साली ती गोव्याजवळच्या एका बेटावर आणली, तर 2022 साली ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने थेट डोंबिवलीत. या दुसऱ्या नावात एक गंमत आहे. आपल्या भाषेत झोंबी म्हणजे झुंज, आणि आनंद यादवांच्या ‘झोंबी’चा कोणत्याही प्रेताशी संबंध नाही. म्हणून येथे परक्या शब्दाचे परके रूपच, म्हणजे ‘झॉम्बी’, वापरले आहे.

लाजर हा झॉम्बी होता काय, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा मुलगा हमखास विचारतो. त्याचे उत्तर अवघड नाही. योहानकृत शुभवर्तमानातील लाजर कबरेतून बाहेर येतो तो हाक ऐकून, आणि पुढच्याच अध्यायात तो स्नेह्यांसमवेत भोजनास बसलेला आढळतो. ज्याला हाक कळत नाही आणि ज्याला पंगत नाही, तो झॉम्बी. एवढे सांगितले की मुलाचे समाधान होते. अवघड प्रश्न निराळा आहे, आणि तो पुनरुत्थानाविषयीचा नसून शेजाऱ्याविषयीचा आहे.

हा शब्द मूळचा हैती बेटावरचा. तेथील लोकसमजुतीत बोकोर नावाचा मांत्रिक मृताला उठवून त्याची इच्छाशक्ती काढून घेतो आणि त्याला शेतात राबवितो. 1791 साली बंड करून उठलेल्या आणि 1804 साली स्वतंत्र झालेल्या गुलामांच्या वंशजांनी ही कल्पना जपली, यात आश्चर्य नाही. मेल्यावरही मळ्यातून सुटका होऊ नये, याहून मोठे भय गुलामाला कोणते असणार? तेथे भीती झॉम्बीची वाटत नाही, आपण झॉम्बी होऊ याची वाटते. त्याने मीठ चाखले तर त्याला भान येते आणि तो आपल्या कबरेकडे परत जातो, अशीही समजूत आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या रोमन विधीत उमेदवाराच्या जिभेवर मीठ ठेवले जात असे, हे आपल्यातील ज्येष्ठांना येथे आठवेल. या समजुतीमागे एखादे विष असावे, असा तर्क वेड डेव्हिस या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने 1980 नंतरच्या दशकात मांडला. फुगा माशातील विषाचा त्यात वाटा असल्याचे त्याचे म्हणणे होते. त्यावर पुष्कळ आक्षेप आले, आणि तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हैतीचा झॉम्बी हा अन्याय सोसणारा जीव आहे. त्याला पाहून दया यावी, अशीच ती कथा रचली आहे.

जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटात या दयेची जागा बंदुकीने घेतली. तेथे प्रेते का उठतात याचा नीटसा खुलासा नाही. शुक्राकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाचा ओझरता उल्लेख येतो, इतकेच. मात्र त्याचा शेवट लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका घरात रात्रभर प्रेतांशी लढून जिवंत राहिलेला एकमेव कृष्णवर्णीय नायक सकाळी खिडकीशी येतो, आणि बचावासाठी आलेले लोकच त्याला प्रेत समजून गोळी घालतात. जिवंत कोण आणि मेलेला कोण हे लांबून, बंदुकीच्या नळीवरून ठरविता येते काय, असा प्रश्न रोमेरो यांनी उभा केला होता.

ब्रुक्स यांच्या 2003 सालच्या पुस्तकाने या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या भाषेत देऊन टाकले. पुस्तक अर्थात् विनोदी आहे. विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेल ब्रुक्स यांचे हे चिरंजीव, आणि आणीबाणीत तग धरण्याच्या अमेरिकन हस्तपुस्तिकांचे विडंबन त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलविता केले आहे. परंतु विनोद जितका गंभीर चेहऱ्याने केला जातो, तितके त्यातील गृहीतक नकळत आत उतरते. म्हणून हे शरीरशास्त्र तपासून पाहणे आवश्यक आहे.

त्यांच्या कल्पनेत ‘सोलॅनम’ नावाचा एक विषाणू आहे. वनस्पतिशास्त्रात हे वांगी आणि बटाटे यांच्या प्रजातीचे नाव, पण ते असो. दंशाच्या जखमेतून हा विषाणू रक्तावाटे मेंदूत जातो, तेथील पेशींवर वाढतो, हृदय बंद पाडतो आणि मेंदूचे रूपांतर प्राणवायूची गरज नसलेल्या एका नव्या अवयवात करतो. तासांचा तक्ताही दिला आहे : पाचव्या तासाला ताप, सोळाव्या तासाला बेशुद्धी, विसाव्या तासाला हृदयक्रिया बंद, तेविसाव्या तासाला उत्थान. उपचार नाही आणि अपवादही नाही.

वैद्यकाच्या कसोटीवर हे टिकत नाही, हे सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. स्नायू आखडण्यास जशी रासायनिक ऊर्जा लागते, तशीच ती पुन्हा सैल होण्यासही लागते. श्वास आणि रक्ताभिसरण थांबले की ही ऊर्जा संपते आणि स्नायू आखडलेल्या स्थितीतच अडकून राहतात. मृत्यूनंतर दोन ते सहा तासांत प्रेत ताठर होऊ लागते ते याच कारणाने, आणि उष्ण हवेत तर त्याहूनही लवकर. म्हणजे ब्रुक्स यांचे प्रेत ज्या घटकेला उठून चालू लागते, नेमकी तीच त्याने लाकडासारखे होण्याची घटका. त्याची पचनसंस्थाही बंद असते, मांस हे त्याचे इंधन नव्हे, असे लेखकच सांगतो. मग ते खाते कशासाठी? येथे लेखकाच्या हातून, बहुधा अजाणता, एक मार्मिक गोष्ट घडून गेली आहे. भूक नाही, तृप्ती नाही, तरी घास घेणे थांबत नाही. वासनेविषयी प्रवचन करणाऱ्याला हे चित्र उपयोगी पडावे.

निसर्गात याच्या जवळपास जाणारे एक उदाहरण आहे. उष्ण कटिबंधातील अरण्यांत ऑफिओकॉर्डिसेप्स जातीची बुरशी मुंगीच्या शरीरात वाढते, तिला पानाच्या शिरेला चावा घेऊन लटकण्यास भाग पाडते आणि मग मुंगीच्या डोक्यातून आपला देठ बाहेर काढते. 2013 सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाची कल्पना हिच्यावरूनच सुचली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की ही बुरशी मुंगीच्या स्नायूतंतूंभोवती जाळे विणते, मेंदूत मात्र शिरत नाही.

दंशातून पसरणारा आणि मेंदूवर घाला घालणारा मानवी रोग म्हणजे रेबीज. त्याचा विषाणू रक्तावाटे नव्हे तर मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकतो, आणि त्याला आठवडे किंवा महिने लागतात. त्या अवधीत लस दिली तर माणूस वाचतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र मृत्यू जवळजवळ अटळ. पण याही अवस्थेत पाण्याच्या धास्तीने येणाऱ्या झटक्यांच्या मधल्या वेळात रोगी पुष्कळदा शुद्धीवर असतो. तो पत्नीला ओळखतो, मुलाचे नाव घेतो, आपल्याला काय झाले आहे हेही त्याला कळते. आपल्यापैकी कोणास अशा रोग्याच्या खाटेजवळ प्रार्थनेसाठी बसण्याचा प्रसंग आला असेल, तर ‘तो आता तो राहिला नाही’ हे वाक्य किती खोटे आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

आणि ब्रुक्स यांच्या विषाणूचे खरे कार्य नेमके हे वाक्य खरे करून दाखविणे, हेच आहे. दंश झाला की मृत्यू निश्चित, मृत्यू झाला की माणूसपण संपले, आणि माणूसपण संपले की खुनाविषयीची आज्ञा लागू होत नाही. शरीरशास्त्राचा हा सारा खटाटोप एका नैतिक सवलतीसाठी आहे. 2009 साली ओटावातील काही गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीचे गणित मांडले. लवकर आणि जोरदार प्रहार केल्याखेरीज मानवजात वाचत नाही, असा निष्कर्ष निघाला. निघणारच, कारण झॉम्बी बरा होत नाही किंवा क्वचितच होतो, हे गणितात आधीच घातलेले होते.

तक्त्यातील पहिले सोळा तास पाहा. या सोळा तासांत दंश झालेला मनुष्य जिवंत आहे, शुद्धीवर आहे, बोलतो आहे. पाप कबूल करावयास, कोणाची क्षमा मागावयास, मुलांचा निरोप घ्यावयास त्याच्याजवळ वेळ आहे. पुस्तकाला या वेळेशी फारसे कर्तव्य नाही. उलट वरच्या मजल्यावर आश्रय घ्यावा आणि मागचा जिना नष्ट करावा, असा त्याचा सल्ला आहे. खाली कोण राहिले, हा प्रश्न बचावाच्या या शास्त्रात बसतच नाही.

गंमत अशी की सरकारी खात्याला तो बसविता आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2011 साली झॉम्बींचे निमित्त करून लोकांना आपत्तीची पूर्वतयारी शिकविली. त्या यादीत पाणी, अन्न, औषधे आणि महत्त्वाची कागदपत्रे होती. ताटातूट झाल्यास कुटुंबाने कोठे भेटावे ती जागा आधीच ठरवून ठेवावी, हेही होते. वादळ येवो वा महापूर, एवढे पुरते.

साथीच्या काळात जिना तोडावा की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इ. स. 260 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी आपल्या नगरातील साथीविषयी लिहिलेले पत्र युसेबियसच्या इतिहासात जतन झाले आहे. रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः मेलेल्या ख्रिस्तजनांचे, आणि अर्धमेल्या आप्तांना रस्त्यावर टाकणाऱ्या इतरांचे वर्णन त्यात आहे. त्यातील ‘आपण’ आणि ‘इतर’ ही विभागणी इतकी स्वच्छ असेल असे मला वाटत नाही. 2020 साली आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी साथीत दगावलेल्यांच्या दफनास विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर यांनी या विषयावर एक पत्रच लिहिले. ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही त्याने पळून जाण्यात पाप नाही, पण पाळकाने पळू नये, असा त्याचा आशय. स्वतः ते गाव सोडून गेले नाहीत.

ब्रुक्स यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्यांनी आपल्याच मार्गदर्शक पुस्तकाची उलटतपासणी केली आहे, आणि म्हणूनच ती कितीतरी सरस ठरली. तिच्यातील एक प्रकरण गुजरातमधील आलंगच्या किनाऱ्यावर घडते, जेथे जुनी जहाजे तोडली जातात. मोडीत निघालेल्या जहाजांवर चढून जीव वाचवावा म्हणून हजारो माणसे समुद्रात उतरली आहेत, आणि एका जहाजाचा कप्तान पिस्तूल रोखून ओरडतो आहे की अस्पृश्यांना वर घेणार नाही. निवेदक चकित होतो. त्याला त्याहून वेडेपणाचे वाटते ते पुढचे : रांगेतील काही वृद्ध माणसे खरोखरच रांग सोडून बाजूला होतात.

हा प्रसंग दोन-चार ओळींत उरकला आहे, आणि पाश्चात्त्य वाचकाला त्याचे वजन कदाचित कळणारही नाही. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांचे आजे-पणजे त्या रांगेतून बाजूला झालेल्यांपैकी होते. स्पर्शाने माणूस माणूस राहत नाही, या सिद्धान्तासाठी आपल्या देशाला विषाणूची गरज कधीच पडली नव्हती. मार्गदर्शक पुस्तकाने दंश झालेला आणि न झालेला अशी एकच रेषा आखली होती. माणसे प्रत्यक्षात कोणत्या रेषा आखतात, ते कादंबरीत दिसते.

कादंबरीतील आणखी एक प्रकरण धर्मगुरूंनी अवश्य वाचावे, आणि माझा आक्षेपही त्याच प्रकरणावर आहे. रशियन सैन्यात दंश झालेल्या सैनिकांना स्वतःला गोळी घालण्याचा हुकूम असतो. आत्महत्येच्या पापातून त्यांना वाचवावे म्हणून एक वृद्ध पाद्री ते काम स्वतःच्या हाती घेतो. पुढे सारे पाद्री ते करू लागतात, आणि पुढे राज्यसत्ता त्याच विधीचा आपल्या शत्रूंसाठी उपयोग करते, असे सूचित केले आहे. पाद्री आपण केलेल्या कृत्यावर ठाम आहे, पुढच्याविषयी मात्र त्याला काही ऐकावयाचे नाही. करुणेतून निघालेली सवलत सत्तेच्या हाती कशी जाते, हे ब्रुक्स यांनी नेमके टिपले आहे. परंतु गोळी सैनिकाने घालावी की पाद्र्याने, एवढाच पर्याय त्यांना सुचला. ज्याला उरलेले सोळा तास कोणी तरी जवळ बसून ऐकावे असे वाटत होते, त्या सैनिकाला कादंबरीत बोलावयास मिळत नाही.