कळ कोणाच्या हाती?

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत स्वमग्न मुलांना शिकवण्याचे काम करतो. मध्यंतरी त्याने तिकडच्या एका प्रादेशिक संघटनेच्या वार्षिक परिषदेची कार्यक्रमपत्रिका पाठवली. विषय वर्तन-विश्लेषण. सोबत दोन ओळी : 'सर, परिस्थिती माणसाला घडवते असे तुम्ही वर्गात सांगायचात. इथे त्याचे शास्त्र झाले आहे. वाचून मत कळवा.' मत कळवायला बसलो आणि पत्राचा लेख झाला. आपल्यातले अनेक जण शाळांतून, वसतिगृहांतून मुलांना 'वळण लावण्याचे' काम करतात, म्हणून तो येथे देत आहे.

पत्रिका दोन दिवसांची आहे. निबंधवाचन, भित्तिपत्रके, नीतिविषयक सत्रे. बहुतेक सत्रांपुढे ते ऐकल्याबद्दल मिळणारे गुण छापले आहेत, कारण ठरावीक गुण जमवल्याशिवाय व्यवसायाचे प्रमाणपत्र टिकत नाही. हजेरीला गुण, गुणांवर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर पोट! वर्तनामागून लाभ झाला की ते वर्तन टिकते, हा आपला सिद्धांत या मंडळींनी स्वतःलाही लावून घेतला आहे.

अशा परिषदांची सुरुवात मात्र उमदी आहे. मानसशास्त्राच्या प्रस्थापित सभांत वर्तनवाद्यांच्या निबंधांना पुरेशी जागा मिळेना, तेव्हा अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या मंडळींनी १९७४ साली आपली वेगळी संघटना काढली आणि शिकागो विद्यापीठात पहिली परिषद भरवली. पुढे हीच प्रादेशिक संघटना वाढून आंतरराष्ट्रीय झाली. दुसऱ्याच्या दारात ताटकळण्यापेक्षा आपला मांडव आपण घालावा, ही जिद्द आम्हाला परकी नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले ते याच जिद्दीने.

आणि त्यांचा मूळ विचारही आपल्या विरोधातला नाही, हे आधी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. माणूस जसा वागतो तो जन्मजात गुणामुळे नव्हे. त्या वागण्याचे जे परिणाम त्याच्या वाट्याला येतात त्यांतून ते वागणे घडते, असे बी. एफ. स्किनर सांगत आला. गुणकर्माच्या नावाखाली ज्यांच्या कपाळी शतकानुशतके जन्म कोरला गेला, त्यांना याहून मोकळे करणारे वाक्य कोणते? महार वाट सोडून उभा राही तो स्वभावाने लीन होता म्हणून नव्हे. न सोडल्यास काय होते, ते त्याच्या बापाच्या पाठीवर त्याने पाहिले होते.

अडचण पुढच्या पावलाला येते. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी या शास्त्राच्या उपयोजित शाखेचा जाहीरनामाच म्हणावा असा निबंध लिहिला. कोणता अभ्यास 'उपयोजित' म्हणायचा? तर समाजाला ज्या प्रश्नात आस्था आहे त्याचा. पण समाज म्हणजे कोण? आमच्या गावातही समाज होता. कोणाचे कोणते वागणे महत्त्वाचे, ते त्याने पक्के ठरवून ठेवले होते. धोतर कुठवर नेसावे, वरात कोणत्या रस्त्याने न्यावी, सगळे. वर्तन बदलण्याचे तंत्रही त्याच्यापाशी होते आणि ते हमखास चाले. वुल्फने १९७८ साली, ज्याच्यावर प्रयोग होतो त्यालाही उद्दिष्ट मान्य आहे का ते विचारा, असे बजावले. ते त्याच्या खात्यावर जमा धरतो. परंतु सवय मुरली नाही.

याच रिस्लीने बेटी हार्ट हिच्यासह १९९५ साली एक पुस्तक लिहिले. कॅन्सस शहरातल्या ४२ कुटुंबांत मुलांशी किती बोलले जाते ते मोजून, गरिबाच्या पोराच्या कानावर चार वर्षांत तीन कोटी शब्द कमी पडतात, असा हिशेब पुढे आला. त्यांत सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे होती फक्त सहा, आणि सहाही काळ्यांची. सहा घरांच्या ओसरीवरून एका समाजाची भाषा अपुरी ठरली! आपल्या बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्या समीक्षकांनी निदान आकडे तरी काढले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॅन्टन येथे जज रोटेनबर्ग सेंटर ही निवासी संस्था आहे. स्किनरचा शिष्य मॅथ्यू इस्रायल याने ती १९७१ साली दुसऱ्या नावाने सुरू केली. येथे काही रहिवाशांच्या हातापायांना विजेची टोके बांधून ठेवत, पाठीवर बॅटरीची पिशवी, आणि कळ कर्मचाऱ्याच्या हाती. नको ते वर्तन दिसले की कळ दाबायची. डोके आपटून घेणाऱ्या, स्वतःचे डोळे फोडू पाहणाऱ्या मुलांसाठी हा शेवटचा उपाय, असे समर्थक म्हणतात. काही आईबापही त्यांच्या बाजूने न्यायालयात गेले, आणि त्या आईबापांची हतबलता मी खोटी मानत नाही. पण २००२ साली तेथे अठरा वर्षांच्या एका काळ्या मुलाने जाकीट काढायला नकार दिला. त्याला पालथा बांधून त्या दिवशी ३१ झटके देण्यात आले. दहा वर्षांनी त्याची चित्रफीत न्यायालयात दाखवली गेली.

हे वाचताना मला माझी शाळा आठवली. १९६० च्या सुमाराची गोष्ट. आमचे एक गुरुजी आम्हाला छडीने मारीत नसत. छडी फेकून मारीत. छडीतून विटाळ जातो अशी त्यांची समजूत होती. नेम चुकला की आम्हीच ती उचलून उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायचे. स्पर्श न करता वेदना पोचवण्याचे यंत्र आमच्या गुरुजींना विजेशिवाय साधले होते.

स्किनर स्वतः शिक्षेच्या विरोधात लिहीत आला, हे विसरून चालणार नाही. मग त्याच्या अनुयायांच्या संघटनेने काय केले? या संस्थेच्या लोकांना अधिवेशनात व्यासपीठ मिळत राहिले, स्वमग्न माणसांच्या संघटना निषेध करीत राहिल्या. २०२० साली सरकारी औषध प्रशासनाने झटक्यांवर बंदी घातली, ती २०२१ साली न्यायालयाने रद्द केली. २०२२ च्या अखेरीस कायदा दुरुस्त झाला आणि २०२४ साली प्रशासनाने पुन्हा बंदीचा प्रस्ताव मांडला. संघटनेच्या सभासदांपुढे २०२२ साली दोन मसुदे आले : एक, झटक्यांना कोणत्याही स्थितीत विरोध, दुसरा, अपवादात्मक स्थिती वगळून विरोध. सभासदांनी पहिला स्वीकारला. चांगले झाले. पण पहिल्या परिषदेपासून ४८ वर्षांनी! आणि मत देण्याचा अधिकार कोणाला? सभासदांना. ज्यांच्या दंडाला टोके बांधली होती, ते सभासद नव्हते.

स्किनरचे १९७१ चे पुस्तक स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या पलीकडे जाण्याची भाषा करते. प्रतिष्ठा त्याच्या लेखी, वागण्याचे कारण दिसत नसेल तेव्हा माणसाला मिळणारे श्रेय. प्राध्यापकाला हा हिशेब परवडतो. २० मार्च १९२७ ला महाडला आमची माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली आणि त्याच दिवशी त्यांना मार बसला. शिक्षेने वर्तन थांबायला हवे होते. डिसेंबरात ती हजारोंनी पुन्हा महाडला जमली. वर्तनवादी म्हणेल, माराहून मोठा लाभ त्यांना समूहात मिळाला होता. असेलही. त्या लाभाचे नाव काय, एवढेच मला त्याच्याकडून ऐकायचे आहे.

बाबा रे, तुझ्या कामाला मी वाईट म्हणत नाही. न बोलणाऱ्या पोराला 'पाणी' मागता येऊ लागले, असे तू एकदा लिहिले होतेस, ते पत्र मी जपून ठेवले आहे. त्याच पोराला 'नको' म्हणता येते का, आणि म्हटले तर तुझ्या वहीत ते कोणत्या रकान्यात जाते, हे मला कळव. पत्रिका मी शेवटपर्यंत वाचली. स्वतः स्वमग्न असलेल्या एकाच बाईंचे भाषण आहे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लोक विमान गाठायला निघतात त्या वेळी. त्यापुढे गुण छापलेले नाहीत. तू थांबणार आहेस का?